पांढरं जातं म्हणजे अंगातलं प्रोटीन जातं का?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: "मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. पहिलंच बाळंतपण आहे, २७वा आठवडा चालू आहे. चौथ्या महिन्यापासून अंगावरून पांढरं जाणं वाढलंय. वास नाही, खाज नाही, पण दिवसातून दोनदा आतले कपडे बदलावे लागतात. सासूबाई म्हणतात, धुपणीने (म्हणजे पांढरं जाण्याने) हाडं झिजतात, बाळाच्या वाटचं वाहून जातं. मोबाइलवर वाचलं, तर या पांढऱ्यात प्रोटीनच असतं असं कळलं. त्यात गेल्या आठवड्यात लघवीच्या तपासणीत प्रोटीन १+ निघालं. रक्तदाब ११०/७० आहे. परवा पहाटे उठले तर चादर ओली होती. नंतर तसं काही झालं नाही, म्हणून कुणाला बोलले नाही. माझं प्रोटीन खरंच जातंय का? बाळाला कमी पडेल का?"

ताई, प्रोटीनचा प्रश्न तुम्ही नेमका विचारला आहे आणि त्याचं उत्तर सविस्तर देत आहोत. पण पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केलेली ओली चादर आधी घ्यावी लागेल. ही गोष्ट आजच डॉक्टरांना सांगा. पोटात कळ नसली, बाळ छान हलत असलं, पुन्हा ओलं झालं नसलं, तरीही आजच.

सत्ताविसाव्या आठवड्यात चादर ओली होते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. वाढलेल्या पोटाचा मूत्राशयावर दाब पडून झोपेत थोडी लघवी होते, किंवा नेहमीचा स्राव एखाद्या दिवशी पातळ होऊन एकदम बाहेर येतो. दोन्हींत धोका नाही. तिसरं कारण क्वचित असतं: पाणमोटेला (बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला) बारीक छिद्र पडून गर्भजल झिरपणं. एकदा पाणी येऊन थांबलं म्हणजे छिद्र नाहीच, असं धरून चालत नाही. बाळाचं डोकं खाली टेकलं की पाण्याची वाट अडते आणि गळती थांबल्यासारखी वाटते. मात्र छिद्र असेल तर खालचे जंतू वर चढायला रस्ता मिळतो. ते वेळेत कळलं तर प्रतिजैविकं देता येतात, आणि बाळंतपण लवकर होण्याची चिन्हं दिसली तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनंही देता येतात. म्हणूनच एकेका दिवसाला किंमत आहे.

दवाखान्यात निघताना स्वच्छ, कोरडा, बिनवासाचा पॅड लावा आणि तो तसाच डॉक्टरांना दाखवा. आतून धुऊ नका, कुठली क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी वापरू नका, तोवर शरीरसंबंध नको. बोटांनी आतून तपासणी करण्याआधी नमुना घेतात, तोच क्रम बरोबर. ताप, घाण वास, हिरवट किंवा तपकिरी पाणी, रक्त, ठरावीक वेळाने पोट कडक होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८ला फोन करा.

डॉक्टर आधी चिमट्यासारखं साधन (स्पेक्युलम) लावून आत पाणी साठलंय का ते डोळ्यांनी बघतील. खोकायला सांगतील. मग रंग बदलणाऱ्या कागदावर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा लहान तितकं आंबट) बघता येतो: निरोगी योनीमार्ग आंबट, साधारण ३.८ ते ४.५, गर्भजल ७च्या थोडं वर. पण रक्त, वीर्य, साबण आणि जंतुसंसर्गसुद्धा कागदाचा रंग बदलतात. म्हणून केवळ कागदावर विसंबू नये. काचपट्टीवर थेंब वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर गर्भजलातले क्षार आणि प्रथिनं नेच्याच्या पानासारखी नक्षी उठवतात. गरोदरपणातला नेहमीचा स्राव प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अशी नक्षी सहसा करत नाही.

याहून नेमकी तपासणी प्रथिनाचीच असते. पीएएमजी-१ नावाचं एक प्रथिन गर्भाशयाच्या अस्तरात तयार होऊन गर्भजलात साठतं. गर्भजलाच्या एका मिलीत ते २,००० ते २५,००० नॅनोग्रॅम असतं. पाणमोट शाबूत असेल तर योनीतल्या स्रावात तेच जेमतेम ०.०५ ते ०.२ नॅनोग्रॅम सापडतं. फरक हजारो पटींचा असल्यामुळे पाण्याचा अगदी थोडा अंशही पकडता येतो. मऊ टोकाची काडी ५ ते ७ सेंटिमीटर आत, एक मिनिट धरायची, मग कुपीतल्या द्रवात एक मिनिट फिरवायची, त्यात पट्टी बुडवायची. ५ ते १० मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ म्हणजे गळती नाही, दोन म्हणजे आहे. नमुन्यात रक्त जास्त असेल तर निकालावर भरवसा ठेवत नाहीत, आणि गळती थांबून बरेच तास उलटले असतील तर खोटी 'नाही' येऊ शकते. तुमच्या बाबतीत दोन दिवस गेले आहेत, तेव्हा पट्टी 'नाही' म्हणाली तरी सोनोग्राफीत गर्भजलाचं प्रमाण बघून घ्या. आयजीएफबीपी-१ या दुसऱ्या प्रथिनाची पट्टीही मिळते. तालुक्याच्या ठिकाणी यांपैकी काहीच नसेल तर स्पेक्युलम आणि सोनोग्राफी या दोन गोष्टी तरी सहसा होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. पांढऱ्यात प्रथिनं असतात, हे तुम्ही वाचलंत ते खरं. ती तुमच्या अंगातून 'वाहून' जातात, हे मात्र खरं नाही. हिशेबच मांडू. एरवी बाईचा स्राव दिवसाला १ ते ४ मिली असतो. गरोदरपणात वाढतो, म्हणून आपण सढळ हाताने १० मिली धरू. त्यातली प्रथिनं रक्तातल्या पातळ भागाइतकी दाट आहेत असंही मानू, म्हणजे १०० मिलीत ७ ग्रॅम. एवढं जास्त धरूनही दिवसाला ०.७ ग्रॅम भरतं. म्हणजे चार-पाच चमचे दुधात असतं तेवढं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढ बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत त्यात साडेनऊ ग्रॅमची आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर घालावी लागते. बाळाला प्रथिनं कमी पडली तर ती ताटात कमी असल्यामुळे पडतील, धुपणीमुळे नव्हे. डाळ, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं-मासे, यातलं काहीतरी तिन्ही वेळच्या जेवणात असू द्या.

हाडांचं म्हणाल, तर हाडात लागतो तो कॅल्शियम, आणि स्रावातून तो हाडं झिजण्याइतका जात नाही. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घ्या, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नको. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, तेव्हा वरचा चमच्यांचा हिशेब त्यांनाही सांगा. हातात दुधाचा चमचा घेऊन सांगितलेलं लवकर पटतं.

मग ही प्रथिनं तिथे करतात तरी काय? या स्रावात आजवर शेकडो प्रथिनं मोजली गेली आहेत. काही रक्तातून झिरपतात: अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, आणि इम्युनोग्लोब्युलिन-जी ही प्रतिपिंडं. (तोंडातल्या लाळेत आणि आतड्यात 'ए' प्रकारची प्रतिपिंडं जास्त असतात, इथे मात्र 'जी'चं पारडं जड असतं. हे या मार्गाचं वेगळेपण.) काही प्रथिनं योनीच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी स्वतः बनवतात. काही पांढऱ्या रक्तपेशी आणून टाकतात.

दिवस राहिल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, तसं योनीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. पेशी झडल्या की स्रावातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्या ग्लायकोजेनचे तुकडे पाडतं. ते तुकडे लॅक्टोबॅसिलस जंतू खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दह्याच्या विरजणात याच कुळातले जंतू असतात. त्या आंबटपणात घातक जंतूंचा जम बसत नाही. निरोगी गरोदरपणात लॅक्टोबॅसिलसचं राज्य एरवीपेक्षा जास्त स्थिर असतं. तुम्हाला दिसणारं पांढरं म्हणजे या झडलेल्या पेशी, हे जंतू, वरून उतरलेला चिकट स्राव आणि झिरपलेलं पाणी. वाळल्यावर ते किंचित पिवळट दिसतं, तेही ठीकच.

याच काळात प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या तोंडाशी दुसरं काम करतं. पाळीच्या मधल्या दिवसांत तिथला चिकट स्राव पातळ, तार निघेल असा असतो. गरोदरपणात तो घट्ट होऊन बुचासारखा बसतो. बुचाचा सांगाडा म्युसिन नावाच्या लांबलचक, साखरेच्या साखळ्यांनी मढलेल्या प्रथिनांचा असतो, त्यात एमयूसी-५बी महत्त्वाचं. त्यांची जाळी इतकी दाट विणलेली असते की जंतू सहजी आरपार जात नाहीत. पण नुसती जाळी पुरत नाही, कारण चिवट जंतू ती कुरतडू शकतात. म्हणून जाळीत पहारेकरी पेरलेले असतात. लायसोझाइम जंतूंची भिंत फोडतं. लॅक्टोफेरिन लोह बळकावून जंतूंना उपाशी ठेवतं. डिफेन्सिन त्यांच्या आवरणाला भोकं पाडतं.

आमच्या मते यापेक्षाही मोलाची आहेत ती आवर घालणारी प्रथिनं. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी इलास्टेजसारखी विकरं सोडतात. ही विकरं कात्रीसारखी असतात. जंतूंसोबत आपलंही मांस कातरू शकतात, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा घट्टपणा ज्या धाग्यांवर उभा आहे तेही सैल करू शकतात. त्या कात्रीवर म्यान चढवायला एसएलपीआय, एलाफिन, सर्पिन, सिस्टॅटिन ही प्रथिनं असतात. इंटरल्युकिन-१ या संदेशवाहक प्रथिनाच्या दाहक हाकेला अडवणारं एक प्रथिनही असतं, आणि थायोरेडॉक्सिनसारखी गंज धरू न देणारी प्रथिनंही. मधल्या महिन्यांत या आवर घालणाऱ्यांची बाजू भक्कम असते. तोंड बंद, दाह शांत, बाळ आत सुरक्षित. तुमच्या २७व्या आठवड्यात स्राव अशा अवस्थेत असायला हवा.

दिवस भरत आले की हे चित्र हळूहळू पालटतं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी प्रसूतीच्या आधीच्या दिवसांत स्रावाचे नमुने पुन्हा पुन्हा घेऊन २००८च्या सुमारास दाखवलं, की कळा जवळ येतात तसं सिस्टॅटिन-ए, इलास्टेजला आवरणारं प्रथिन आणि इंटरल्युकिन-१ला अडवणारं प्रथिन कमी होत जातं. म्यान उतरतं, कात्री मोकळी होते. त्याच वेळी इंटरल्युकिन-८सारखे संदेशवाहक वाढतात, पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या तोंडात शिरतात, धागे सैल होतात, तोंड मऊ पडतं. बुच सुटून येतं. जेलीसारखा, कधी गुलाबी रेघा असलेला तो गोळा तुम्हाला पुढे दिसेलही. सदतिसाव्या आठवड्यानंतर तो आला तर घाबरू नका. आत्ता आला तर मात्र दवाखाना गाठा.

वेळ ओळखायला उपयोगी पडलेलं प्रथिन आहे फीटल फायब्रोनेक्टिन. बाळाच्या बाजूचं बाहेरचं आवरण आणि गर्भाशयाचं अस्तर यांच्यामध्ये ते खळीसारखं काम करतं. पहिल्या २०-२२ आठवड्यांत दोन्ही थर अजून नीट चिकटलेले नसतात, म्हणून ते स्रावात सापडणं स्वाभाविक असतं. नंतर २२ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान ते जवळपास दिसेनासं होतं. दिवस भरताना पुन्हा वाढतं. मधल्या काळात ते एका मिलीत ५० नॅनोग्रॅम किंवा जास्त निघालं तर थर उकलत असल्याची शंका घ्यावी लागते. १९९१ साली हे प्रथम मांडलं गेलं.

या तपासणीची खरी ताकद 'नाही' या उत्तरात आहे. अवेळी कळा येत असलेल्या बाईत हे प्रथिन सापडलं नाही, तर पुढच्या आठवड्याभरात बाळंतपण होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. 'हो' उत्तर आलं तरी अनेकींचे दिवस व्यवस्थित भरतात. नमुना योनीच्या मागच्या खोलगट भागातून दहा सेकंद काडी फिरवून घेतात. आधीच्या २४ तासांत शरीरसंबंध झाला असेल, आतून तपासणी झाली असेल, रक्त जात असेल, जेल लागलं असेल, तर निकाल बिघडतो. पाणमोट फुटली असेल तर ही तपासणी करतच नाहीत. तुमच्या पत्रात कळांचा उल्लेख नाही, त्यामुळे तिची घाई करण्याचं कारण नाही. ती सगळीकडे होतही नाही. त्याऐवजी योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजता येते, आणि आपल्याकडे डॉक्टर बहुधा तोच मार्ग धरतात. २५ मिलिमीटरहून कमी भरली तर जास्त लक्ष ठेवतात.

ही घडी कधीकधी आपल्याच हाताने विस्कटते. 'पांढरं जातंय' म्हणून फिटकरीचं पाणी, कडुनिंबाचा काढा, जंतुनाशक द्रव किंवा सुवासिक वॉश आत वापरला जातो. त्याने लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आम्ल कमी होतं आणि पीएच साडेचारच्या वर गेला की दुसऱ्या जंतूंचं फावतं. त्यातले काही जंतू सायलिडेज नावाचं विकर सोडून म्युसिनवरच्या साखरेच्या साखळ्या तोडतात, म्हणजे जाळीच उसवतात. अशा संसर्गात एसएलपीआयही घटलेलं आढळतं. स्राव पातळ, करडा होतो, मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर जास्त. गरोदरपणात हा संसर्ग अंगावर काढू नये. बुरशीचा संसर्ग वेगळा: दही फुटल्यासारखे कण, भरपूर खाज, लघवीला जळजळ, पण वास नाही आणि पीएच बदललेला नाही. त्याला क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी सहसा सात दिवस देतात. मैत्रिणीने सांगितली म्हणून फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची गोळी घेऊ नका. तुमच्या पत्रात वास आणि खाज दोन्ही नाहीत. बाहेरून साधं पाणी, सुती कपडे, ओले झाले की बदलणं, एवढं पुरे.

राहिलं लघवीतलं १+. पट्टीवर १+ म्हणजे १०० मिलीत साधारण ३० मिलिग्रॅम. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, आणि अल्ब्युमिन तुमच्या पांढऱ्यातही असतं. पांढरं जास्त जात असताना नमुना घाईत घेतला, की स्रावाचे दोन-चार थेंब त्यात मिसळतात आणि मूत्रपिंडातून काहीही गळत नसताना पट्टी हिरवी होते. गर्भजल झिरपत असेल तर तेही मिसळू शकतं, कारण त्यातही अल्ब्युमिन असतं. मूत्रमार्गाचा संसर्ग असला तरीही १+ येतं. तुमचा रक्तदाब ११०/७० आहे ही दिलाशाची बाब. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा वर गेला आणि सोबत प्रोटीन असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरा नमुना असा द्या. लॅबकडून कोरडी, झाकणाची बाटली घ्या. बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन स्वच्छ कापडाने टिपून घ्या. एका हाताने योनीचे ओठ बाजूला धरा आणि लघवी पूर्ण होईपर्यंत सोडू नका. पहिली धार जाऊ द्या, मधली धार बाटलीत घ्या, ३० मिली पुरे, शेवटची पुन्हा जाऊ द्या. योनीच्या तोंडाशी बाहेरून कोरड्या कापसाचा बोळा धरला तर स्राव खाली ओघळत नाही. पण ओल्या चादरीचा उलगडा होईपर्यंत आत काहीही सरकवू नका. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा.

पट्टी कोरी निघाली तर पहिलं १+ बहुधा पांढऱ्याचंच होतं असं समजा. पुन्हा १+ आलं तर लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिन (लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर करायला सांगा. ते ०.३पेक्षा कमी असेल तर ठीक, ०.३ किंवा जास्त असेल तर डॉक्टर रक्तदाब वारंवार मोजतील आणि रक्ताच्या तपासण्या करतील. सोबत कल्चरचाही (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) नमुना द्या. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे ठिपके, उजव्या बरगडीखाली दुखणं, तोंडावर अचानक सूज, यातलं काही झालं तर निकालाची वाट बघत बसू नका.

दोन्ही कामं एकाच फेरीत होतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती नियमित करून घ्याच. पण ही फेरी त्या तारखेवर ढकलू नका. आशाताईंना सोबत घ्या, माता-बाल कार्ड घ्या, आणि दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्य चादरीचं बोला.